उजवीकडून अण्णा सांगतात

आमच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यामुळे इस्लामपूरच्या रस्त्याला पुढे उसाची ट्रॉली लागली की मला त्या ट्रॉलीशिवाय काही दिसत नाही. दिसतं ते अण्णांना, माझ्या वडिलांना. ते उजवीकडे बसतात, काच खाली करून मान जरा बाहेर काढतात आणि सांगायला लागतात, "थांब... एस्टी येतीया... थांब अजून... हां, जा." ते "जा" आलं की मी गिअर खाली घेतो आणि पाय दाबतो. 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद 72 अश्वशक्ती, आणि ओढायची चौदाशे किलोच्या घरातली गाडी. ती लगेच झेपावत नाही. आधी आवाज बदलतो, मग गाडी निघते. तेवढा वेळ अण्णांनी "जा" म्हणतानाच धरलेला असतो.

पूर्वी हे उलटं होतं. 1991 साली अण्णांनी ही गाडी घेतली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. चालवायचे अण्णा, आणि उजवीकडच्या सीटवर गुडघे टेकून उभं राहून "जा" म्हणायचं काम माझं. माझ्या शब्दावर अण्णा गाडी बाहेर काढायचे. समोरून ट्रक येत नाही ना, हे ते स्वतः बघू शकत नसत आणि मला पुन्हा विचारतही नसत. मी या गाडीत अडकलो तो तिथेच.

गाडी मर्सिडीज-बेंझ 240 डी, 1983 ची. कंपनीच्या भाषेत डब्ल्यू 123. 1976 पासूनच्या दहा वर्षांत या घराण्यातल्या जवळपास 27 लाख गाड्या बनल्या. आमची आधी दिल्लीतल्या एका वकिलातीत होती. वकिलातींच्या वापरलेल्या परदेशी गाड्या त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. तशी ती एका व्यापाऱ्याकडे आली आणि त्याच्याकडून अण्णांकडे. अण्णांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. त्या वर्षी हळदीला भाव बरा लागला होता, एवढंच घरात सांगितलं गेलं.

रंगाचा आकडा बोनेट उघडल्यावर पुढच्या पट्टीवर ठोकलेला दिसतो: 623. फिकट हस्तिदंती. जर्मनीत 1971 मध्ये टॅक्सीसाठी ठरवून दिलेला रंग हाच. वकिलातीने तो का निवडला कोण जाणे. आईने गाडी पहिल्यांदा दारात बघितली तेव्हा ती म्हणाली, "दुधात हळद पडल्यागत दिसतीया." आमच्या घरात त्या रंगाला अजून दुसरं नाव नाही.

सांगलीत जर्मन गाडी म्हटलं की लोकांना काहीतरी लांबचं वाटतं. मला ते पटत नाही. आमच्या यार्डात पोती वाहणाऱ्या गाडीला आपण काय म्हणतो? टेम्पो. छोटा हत्ती असो, पिकअप असो, कुठल्याही कंपनीची असो, आपल्या तोंडी टेम्पोच. हा शब्द जर्मनीतल्या हँबुर्गजवळच्या एका कारखान्याचा आहे. विडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्या टेम्पो नावाने विकल्या जायच्या. 1958 मध्ये त्यांच्याशी हातमिळवणी होऊन इकडे बजाज टेम्पो निघाली आणि हान्सेआट नावाची तीनचाकी इकडे बनायला लागली. पुढे एक चाक, लांब नाक, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. माझ्या लहानपणी ती यार्डात हळदीची पोती घेऊन धडधडत फिरायची. जर्मनीत त्या कारखान्याचं नाव आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांनाच ठाऊक असेल. इथे हमालापासून अडत्यापर्यंत प्रत्येकजण दिवसातून दहा वेळा ते घेतो.

आणि याच बजाज टेम्पोने पुढे मर्सिडीजचं एक इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं: ओएम 616. ते ट्रॅक्स जीपमध्ये बसलं, ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये बसलं. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या, ट्रॅक्समधून जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या किती पिढ्या तालुक्याला आणि कॉलेजला गेल्या! त्या गाड्यांच्या बोनेटखाली जे इंजिन होतं, त्याच घराण्यातलं आमच्या 240 डी मध्ये आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, मिरजेच्या चाचांनी सांगितलं. चाचांची हयात ट्रॅक्स आणि मॅटाडोर उघडण्यात गेली. 1994 च्या सुमाराला आमच्या गाडीचं हेड गॅसकेट गेलं आणि बाहेरून मागवायचं तर अण्णांच्या आवाक्याबाहेरचं होतं. कोणीतरी म्हणालं, मिरजेला जाऊन बघा. चाचांनी बोनेट उचललं. या गाडीचं बोनेट एका खटक्याने सरळ नव्वद अंशात उभं राहतं, देवळाच्या दाराच्या फळीसारखं. त्यांनी आत वाकून बराच वेळ नुसतं बघितलं, हात लावला नाही. मग कंबर सरळ करत म्हणाले, "अण्णा, घाबरू नका. ही आपल्या ट्रॅक्सची थोरली बहीण हाय."

सगळंच जसंच्या तसं बसतं असं नाही. इंजिनाला बाहेरून जोडलेल्या वस्तूंमध्ये फरक निघतात. चाचा दोन्ही वस्तू दोन हातांत घेऊन, कॅलिपर लावून, डोळ्यांपुढे फिरवून ताडून बघतात आणि मगच बोलतात. पण इंजिनाच्या आतलं पुष्कळ काही जुळतं. ही गाडी सांगलीत चाळीशी ओलांडून चालते आहे ती वडापच्या गाड्यांमुळे आणि त्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसांमुळे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने याच्या आधीच्या पिढीतली, 1976 ची 240 डी तब्बल 46 लाख किलोमीटर चालवली आणि 2004 मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "त्याचा मिस्त्री चांगला असणार," एवढंच म्हणाले.

आता मी जे केलं ते सांगतो.

2012 मध्ये मी पहिला चांगला कॅमेरा घेतला. दुकान अण्णा बघत होते, मी हाताखाली होतो, आणि रविवारचा दिवस माझा होता. इंटरनेटवर जर्मनीतल्या, हॉलंडमधल्या पोरांनी सजवलेल्या डब्ल्यू 123 बघून माझे डोळे फिरले होते. जमिनीला टेकायला आलेल्या गाड्या, मोठी अलॉय चाकं, क्रोमच्या जागी काळा रंग, आणि मागे ओली काळी डांबरी सडक. मला तसा फोटो हवा होता. तो फोटो मिळावा म्हणून मी गाडी बदलायला घेतली. आज लिहितानाही हे वाक्य मला टोचतं.

स्प्रिंगचा एकेक वेढा कापून घेतला. मूळची 14 इंची चाकं काढून 17 इंची अलॉय घातली. गाडीच्याच रंगात रंगवलेल्या मूळच्या चकत्या, हब कॅप, पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. पुढच्या मागच्या बंपरवरच्या क्रोमवर मॅट काळा मारला. चाचांनी स्प्रिंग कापायला नकार दिला होता. "ही गाडी खड्ड्यासाठी केलीया, तू तिला खड्ड्यात घालतोस," असं ते म्हणाले. म्हणून ते काम मी दुसरीकडून करून घेतलं.

फोटो चांगले आले. ते नाकारण्यात अर्थ नाही. दंडोबाच्या पायथ्याला संध्याकाळी, सूर्य डोंगराआड गेल्यावर उरणाऱ्या सपाट उजेडात काढले होते. आजही ते बघणाऱ्याला आवडतात. पण त्या फोटोंत सांगली कुठेच नव्हती. ती मी निगुतीने चौकटीबाहेर ठेवली होती: ना टपरी, ना म्हैस, ना निवडणुकीचा फ्लेक्स. आणि खऱ्या रस्त्यावर गाडी हाल काढत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे त्याच्यावर सायलेन्सर घासल्याशिवाय ती आत येत नव्हती. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही. खड्ड्यातून चाक वर आलं की आत टणकन आवाज व्हायचा.

अण्णा काही बोलले नाहीत. फक्त ते गाडीत बसेनासे झाले. गुडघे दुखतात, खाली वाकून बसायला होत नाही, असं म्हणायचे आणि यार्डात स्कूटरवरून जायचे. आठेक महिने असे गेले. त्या आठ महिन्यांत मी इस्लामपूरला एकदाही ट्रॉली ओलांडली नाही. उजवीकडे कोणी नव्हतं. मी ट्रॉलीच्या मागे, उसाची पाचट अंगावर घेत, मुकाट चालत राहायचो.

स्प्रिंग मुंबईच्या भंगार बाजारातून शोधून आणल्या. क्रोमवरचा काळा काढायला तीन रविवार लागले आणि तरी मागच्या बंपरच्या एका कोपऱ्यात तो अजून आहे. हब कॅप माळ्यावरून काढल्या तेव्हा एकीवर उंदरांनी घर केलं होतं.

यावरून कोणी असं समजू नये की जुन्या गाडीत बदल करण्याला माझा विरोध आहे. जर्मन मोटारगाडीतला पहिला ठळक बदल रस्त्यावरच झाला होता. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ बाई नवऱ्याला, म्हणजे मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांना, न सांगता त्यांची तीनचाकी घेऊन दोन मुलांबरोबर मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. एका बाजूने शंभर किलोमीटरवर अंतर. इंधन संपलं तेव्हा विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या एका चर्मकाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकचं लायनर जन्माला आलं ते असं. कार्ल बेंझ यांना ते कारखान्यात बसून सुचलं नव्हतं. चढाला गाडी ढकलावी लागत होती, म्हणून आणखी एक गिअर हवा, हेही बाईंनीच परत येऊन सांगितलं. मी या गोष्टीचा विचार करतो तेव्हा मला चाचा दिसतात. रस्ता जे मागतो ते गाडीला द्यायचं, हीच त्यांची रीत.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं, कारण तरुण पोरं मला विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या, मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितलं. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिची अट आहे 50 वर्षं पूर्ण, आणि गाडी मूळ रूपात. आमची 2033 मध्ये त्यात बसेल. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, आरटीओच्या आवारात सकाळपासून रांग. हे मला जाचक वाटत नाही. इतक्या जुन्या गाडीचे ब्रेक कोणीतरी परक्या माणसाने तपासावेत, हे बरोबरच आहे.

मग 2019 चा ऑगस्ट आला.

आम्ही गावभागात राहतो. कृष्णेचं पाणी आम्हाला नवं नाही. 2005 च्या पुराची खूण आमच्या जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेली होती. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलावरची पातळी जेवणाआधी विचारतो: 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. त्या वेळी आकडा 45 वरून 50 वर गेला, 50 वरून 55 वर, आणि शेवटी 57 च्या पुढे जाऊन थांबला. आम्ही आईला, मुलीला आणि दुकानाच्या वह्या घेऊन होडीतून बाहेर पडलो. गाडी उंचावर नेऊन ठेवायला मी आदल्या दिवशी निघालो होतो, पण तोपर्यंत गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी होतं आणि चाचांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "पाण्यात इंजिन चालू करू नको. बॅटरीची वायर काढ आणि सोडून दे." मी वायर काढली आणि गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. जिन्यावरची खिळ्याची खूण त्या वेळी पार पाण्याखाली गेली.

पाणी उतरल्यावर जो चिखल राहतो तो ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळणार नाही. तो पिठासारखा बारीक असतो. पावडरसारखा सगळीकडे शिरतो आणि वाळला की सिमेंट होतो. हरिपूरला साठवलेली हळद या पाण्याने नासवली. यार्डातल्या लोकांची जी हानी झाली तिच्यापुढे एका गाडीचं दुःख मोठं नव्हतं, आणि पहिले दोन महिने मी गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघवलंच नाही, असंही म्हणता येईल.

चाचांच्या आवारात ती टोइंग करून नेली तेव्हा आजूबाजूला पुरातून काढलेल्या नव्या गाड्यांची रांग लागली होती. सीटखालचे, पायाजवळचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर पाण्याने गेले की त्या गाड्यांचा जीवच जातो. बऱ्याच गाड्या विम्याने निकालात काढल्या. आमच्या गाडीत कंट्रोलरच नाही. डिझेल इंजिनाला डिझेल, हवा आणि दाब लागतो. बॉशचा इंजेक्शन पंप सगळा यांत्रिक, आणि तो डिझेलने भरलेला होता म्हणून पाण्याने त्यात फारसा शिरकाव केला नव्हता. चाचांनी इंजिन ऑइल खाली सोडलं तर पातेल्यात चहा पडल्यासारखा रंग. इंजेक्टर काढले, सुरू करताना इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग काढले, आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला 27 चा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. चौथ्या भोकातून कृष्णेच्या पाण्याची पिचकारी उडाली आणि चाचांच्या शर्टावर बसली. त्या पाण्यावर कोणी स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही. मग डिझेल ओतून धुतलं. पुन्हा ऑइल, पुन्हा खाली. चार वेळा. गिअर बॉक्स, डिफरन्शियल, चाकांची बेअरिंग, स्टार्टर, डायनॅमो, सगळं उघडलं. सीटच्या आत रबरात बांधलेली काथ्यासारखी गादी असते, ती चिखल पिऊन दगड झाली होती. ती मिरजेतल्याच एका गादीवाल्याने नव्याने बांधली.

डॅशबोर्डवर झेब्रानो लाकडाची पट्टी आहे, वाघाच्या अंगासारख्या रेघांची. तिचा वरचा थर फुगून उचलला होता. मी ती मिरजेत तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत नेली. तानपुऱ्यासाठी भोपळा पारखणारी ती माणसं. तिथल्या एका वयस्कर कारागिराने पट्टी नखाने वाजवून बघितली, कानाजवळ नेली आणि विचारलं, "हे कशाचं हाय?" मी म्हटलं, मोटारीचं. त्यांनी ती पंधरा दिवस दोन फळ्यांत दाबून ठेवली आणि मग तानपुऱ्याला देतात तसं लाखेचं पॉलिश बोळ्याने घासून घासून दिलं. मूळची चमक कारखान्यातल्या लॅकरची होती, काचेसारखी. ही तशी नाही, ही आतून येते. मूळ रूपाचा आग्रह धरणारा कोणी या पट्टीला नावं ठेवेल. ठेवू दे.

या सगळ्या काळात मी फोटो काढत होतो. सुरुवातीला विम्यासाठी, नंतर कोणते स्क्रू कुठले ते लक्षात राहावं म्हणून, आणि मग सवयीने. मॅक्रो लेन्स लावून मी चिखलाच्या अगदी जवळ गेलो. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पॅडवर पुराची रेघ होती. पाणी एका दमात उतरलं नव्हतं, म्हणून एक नाही, सात रेघा, एकीखाली एक, कोणी हळदीच्या बोटांनी ओढाव्यात तशा. वरची सगळ्यात जाड. चौथीच्या खाली हळकुंडाचा एक नखाएवढा तुकडा चिकटून बसला होता. तो आमच्याच दुकानातून वाहत आला की हरिपूरहून, हे कोण सांगणार? तो फोटो मी सव्वा तास घेत होतो. बाजूने तिरका उजेड सोडला तेव्हा प्रत्येक रेघेला सावली आली.

माझ्या मनात होतं की हे पॅड असंच ठेवायचं. 2019 ची खूण म्हणून. बरेच शौकीन गाडीच्या अंगावरच्या जुन्या खुणा जपतात आणि मला ते पटतं. चाचांनी पॅड हातात घेतलं, उलटं केलं. मागचं पुठ्ठ्याचं आवरण ओलं होतं. दोन महिन्यांनीही. "ह्या गाळात पाणी धरून राहतंय. दाराचा पत्रा आतून सडंल. आठवण ठेवायची तर तुझ्याकडं ठेव, तिच्या अंगावर कशाला?"

मी पॅड धुवायला दिलं. त्यानंतर माझं फोटो काढणंच बदललं. पूर्वी मला जो फोटो हवा होता त्याच्यासारखी गाडी व्हावी म्हणून मी तिला कापत होतो. आता गाडीतलं काहीही काढायच्या, बदलायच्या आधी मी तिचा फोटो काढतो, सावकाश, जवळून, आणि मग निर्धास्तपणे चाचांच्या हवाली करतो. कुजलेला रबरी पाइप, फुटलेलं मागचं दिव्याचं भिंग, पत्र्याखालचा गंज, सगळं माझ्याकडे आहे. तिने ते वागवायची गरज नाही.

मागच्या दिव्याचं आलंच आहे तर ते सांगून टाकतो, कारण माझा सगळ्यात आवडता फोटो त्याचा आहे. डब्ल्यू 123 चे मागचे दिवे सपाट नाहीत, आडव्या घड्या घातल्यासारखे आहेत. त्यामागची कल्पना बेला बारेन्यी यांची. अपघातात पुढचा भाग चेपून आतल्या माणसाला वाचवणारी गाडी ज्यांना सुचली तेच हे मर्सिडीजमधले अभियंता. घाण उडते ती उंचवट्यांवर बसते, खोलगट भाग स्वच्छ राहतो आणि लाल उजेड दिसत राहतो. गळीत हंगामात एका संध्याकाळी इस्लामपूरहून परत आलो तेव्हा सगळी मागची बाजू ट्रॉल्यांच्या चिखलाने सारवलेली होती. नंबर वाचता येत नव्हता. ब्रेकवर पाय ठेवायला मुलीला बसवलं आणि मागे जाऊन बघतो तर चिखलाच्या पट्ट्यांच्या मधून लाल रेघा जळत होत्या. जर्मनीतल्या पावसासाठी केलेली युक्ती आमच्या उसाच्या चिखलात जशीच्या तशी काम करत होती. तो फोटो मी न पुसता काढला. मागे टपरी आली आहे, टपरीवरचा बल्ब आला आहे, एक कुत्रंही आलं आहे.

क्रोमबद्दलही एक गोष्ट नवख्यांना सांगावीशी वाटते. लेन्सवर पोलरायझर लावला तर काचेवरची चकाकी जाते, रंगावरचीही बरीच कमी होते, पण क्रोमवरची जात नाही. धातूवरून परतलेल्या उजेडाला तो फिल्टर आवरू शकत नाही. त्यामुळे बंपरमध्ये फोटो काढणारा दिसतोच. हरिपूर रस्त्याला चिंचांच्या खाली काढलेल्या माझ्या एकूण एक फोटोंत, झूम करून बघितलं तर बंपरच्या वळणावर मी आहे, वाकलेला, आणि माझ्या मागे खुर्चीवर अण्णा. पूर्वी मी ते कॉम्प्युटरवर बसून पुसायचो. आता पुसत नाही.

गाडी सहा महिन्यांनी उभी राहिली. फेब्रुवारी 2020. चाचांच्या आवारात आम्ही तिघे आणि त्यांचा पोरगा. अण्णांना खुर्ची दिली होती. ब्रेक पुन्हा पुन्हा तपासून झाले होते, पंपातली हवा काढली होती. मी चावी फिरवून ग्लो प्लगचा दिवा विझायची वाट बघितली. स्टार्टर फिरला, फिरला, इंजिनाने एकदा खोकलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि मग एक सिलिंडर, मग दुसरा, आणि मग ती चारी पायांवर आली. तो आवाज मी नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखतो. चाचा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त रेडिएटरवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दहा मिनिटांनी त्यांनी खूण केली, बंद कर. मी चावी मागे फिरवली. इंजिन चालूच. पुन्हा फिरवून बघितलं. चालूच. या गाडीत इंजिन बंद होतं ते विजेने नाही, व्हॅक्यूमने: चावी फिरली की एका बारीक नळीतून हवा खेचली जाते आणि पंपाचं डिझेल तुटतं. ती नळी कुठेतरी गाळाने तुंबलेली राहून गेली होती. त्यासाठी बोनेटखाली पंपाजवळ लाल रंगाचा एक खटका असतो, त्यावर स्टॉप असं लिहिलेलं. तो दाबला की काम होतं. चाचा वाकले, हात खटक्यापर्यंत गेला.

"राहू द्या," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "सहा महिने बंदच होती की."

चाचांनी हात मागे घेतला. अण्णा उठले. गाडीला वळसा घालून उजवीकडे आले, दार उघडलं, नव्या गादीवर बसून एकदा मागे रेलून बघितलं. मग काच खाली केली. मी चावी पहिल्या खाचेवर आणून ठेवली आणि गाडी फाटकापर्यंत घेतली. समोर मिरजेचा भर दुपारचा रस्ता, रिक्षा, सायकली, एक कडब्याची गाडी. अण्णांनी मान बाहेर काढली.

"थांब," म्हणाले. कडब्याची गाडी संथपणे गेली. मागून एक टेम्पो येत होता, तोही गेला.

"हां. जा."